न समजणारं पोरगं पाहिजे

घोलप सर वर्गात शिरले की सरळ फळ्यापाशी जात आणि तास संपेपर्यंत मुलांकडे तोंड करत नसत. हातात बाइंडिंग केलेली एक वही. तिच्यातलं गणित फळ्यावर उतरवायचं, उत्तराखाली दोन रेघा मारायच्या, हात झटकायचे आणि खिडकीकडे बघत म्हणायचं, "घ्या उतरवून. समजलं नाही तर पाठ करा." की लगेच दुसरं गणित. जव्हारच्या आमच्या शाळेत मी मराठी शिकवत असे आणि माझा वर्ग त्यांच्या वर्गाला लागून होता. मधली भिंत पातळ होती, तरी पलीकडून कधी एखाद्या मुलाचा प्रश्न मला ऐकू आला नाही. खडूचा आवाज तेवढा यायचा.

माणूस बी.एस्सी.ला पहिल्या वर्गात पास झालेला. सिन्नरकडचा. वडिलांचं आठवडी बाजारात धान्याचं दुकान. जव्हारची नेमणूक त्यांनी शिक्षा म्हणूनच घेतली आणि दहा-अकरा वर्षं ती भोगत असल्यासारखा चेहरा करून वावरले. "इथं माणूस गंजतो, बाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यासाठी आधी अंगात काही लोखंड असावं लागतं, असं माझ्या अगदी ओठांवर यायचं. वसतिगृहातल्या मुलांविषयी ते जे बोलत ते लिहायचीही लाज वाटते. "मोळ्या मोजायला बोटं पुरतात. यांना बीजगणित कशाला?" हे ते चहा पिता पिता म्हणत आणि तीच मुलं दाराबाहेर स्टाफरूमचा माठ भरत असत.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. अमेरिकेतल्या शाळांना गणिताचे शिक्षक मिळेनासे झाले होते आणि मुंबईतली एक एजन्सी इथून शिक्षक पाठवत होती. घोलप सरांनी जाहिरात वाचली आणि त्यांच्यात एकदम जीव आला. जव्हारच्या उन्हात त्यांनी टाय लावायला सुरुवात केली. चहात बिस्किट बुडवायचं सोडलं. शिपाई घंटा देऊ का विचारायला आला की त्याला "शुअर, शुअर" म्हणू लागले. टेक्सासमधल्या ज्या शाळाखात्याकडे त्यांचा अर्ज गेला होता त्याचा उल्लेख ते "आमचं डिस्ट्रिक्ट" असा करत. आमचा जिल्हा तेव्हा ठाणे होता आणि त्याचा पगार हे गृहस्थ दर महिन्याला उचलत होते.

तिकडे नोकरीला जाण्याच्या व्हिसाची रीत त्यांनी आम्हाला इतक्यांदा समजावली की स्टाफरूममधल्या प्रत्येकाला ती पाठ झाली. आपण स्वतः तो मागायचा नसतो. तिकडच्या शाळेने आधी आपल्याला नोकरी द्यायची, मग तिनेच सरकारला कळवायचं की आम्हाला हाच माणूस पाहिजे. "याला स्पॉन्सर करणं म्हणतात, बाई. ऐऱ्यागैऱ्याला करत नाहीत." पदव्या साक्षांकित करायला, पासपोर्टला, डॉक्टरी तपासणीला ते सारखे रजेवर असत. नववी-दहावीचे गणिताचे तास मोकळे जात. मुलं मैदानावर बसून चिंचा खात आणि मुख्याध्यापक म्हणत, "जाऊ द्या हो, शाळेचं नाव होतंय."

मग तिकडून निरोप आला की तुमच्या शिकवण्याची एक कॅसेट पाठवा. सरांना यात काहीच अवघड वाटलं नाही. शाळेची वार्षिक तपासणी जशी पार पाडतात तशीच हीही पार पाडायची. तपासणीची आमच्याकडची पद्धत सगळ्या शिक्षकांना ठाऊक असते. साहेब बसलेले असताना प्रश्न विचारला की सगळ्या वर्गाने हात वर करायचा. ज्याला येतं त्याने उजवा, ज्याला येत नाही त्याने डावा. शिक्षक फक्त उजव्या हातांना उभं करतो आणि साहेब शेरा लिहून जेवायला जातात.

लग्नाचं शूटिंग करणारा एक जण गावात होता, त्याला बोलावलं. प्रयोगशाळेत टेबलांवर चादरी घातल्या, पृथ्वीचा गोल पुसून मांडला. बँकेतल्या, तहसीलमधल्या, डेपोतल्या साहेबांची मुलं पुढच्या बाकांवर आली. वसतिगृहातल्या मुलांना मागच्या मैदानातलं गवत काढायला पाठवलं. त्यांत पोशेरा गावची यमुना होती. नववीला एकदा गणितात बसलेली, सावळी, किडकिडीत, बोलताना तोंडावर हात धरणारी. पुन्हा नापास झाली तर वसतिगृहातली जागा जाणार होती आणि जागा गेली की बाप तिला आपल्याबरोबर भिवंडीच्या वीटभट्टीवर नेणार होता. तिला नर्स व्हायचं होतं. हे सगळं तिने मला निबंधात लिहून दिलं होतं आणि मी ते घोलप सरांना सांगितलंही होतं. "मग गवत काढू दे तिला, सवय होईल," ते म्हणाले होते.

कॅसेट गेली. पुढे महिन्या-दीड महिन्याने एजन्सीच्या मुंबईच्या ऑफिसात त्यांची फोनवरून मुलाखत झाली. दुसऱ्या दिवशी सर स्टाफरूममध्ये आले ते टाय न लावता.

"काय विचारलं, सर?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

"पहिलाच प्रश्न. तुमच्या वर्गात डावखुरी मुलं एवढी कशी?"

मला हसू आवरेना. मी वह्यांचा गठ्ठा तोंडापुढे धरला.

"आणि दुसरा?"

"म्हणतात, या तासाला एकही मूल चुकलं नाही. मग तुम्ही शिकवलं कुणाला? आम्हाला न समजणारं एक मूल दाखवा आणि तुम्ही त्याला कसं समजावता ते दाखवा. भाषा कुठलीही चालेल म्हणे, त्यांना पोराचा चेहरा बघायचाय." सरांनी खुर्ची ओढली. "मूर्ख लोक आहेत, बाई. चांगला वर्ग दाखवला तर तो नको, यांना न समजणारं पोरगं पाहिजे."

"मग अडलंय कुठं?" मुख्याध्यापक म्हणाले. "आपल्याकडे तर ढिगानं आहेत."

तरी सरांनी आधी आपलीच अक्कल चालवली. बँकेतल्या साहेबांची मुलगी वर्गात पहिली यायची, तिलाच न समजण्याचं काम दिलं. दोन दिवस तालीम झाली. कॅमेरा सुरू होताच तिने घंटा वाजावी तशा आवाजात "सर, मला समजलं नाही" म्हटलं आणि फिस्सकन हसली. पाच-सहा वेळा करून पाहिलं. शेवटी शूटिंगवाला कंटाळून म्हणाला, "सर, हिला समजतंय. दिसतंय ना चेहऱ्यावर." तेव्हा सरांनी दारात उभं राहून शिपायाला सांगितलं, "वसतिगृहातली ती पोशेऱ्याची घेऊन ये."

बाकीच्या मुलांना गप्प ठेवायला मला मागच्या बाकावर बसवलं होतं, म्हणून पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं. सरांनी फळ्यावर एक समीकरण लिहिलं आणि यमुनाला सोडवायला सांगितलं. ती खडू हातात धरून नुसती उभी राहिली.

"काय अडलं?" सरांनी विचारलं. कॅमेरा चालू होता, म्हणून आवाज मधाळ.

"ता अधिकचा पलीकडं गेला का वजा कसा होतो, सर? माना नाय समजलं."

सरांनी वही मिटून टेबलावर ठेवली. मग त्यांनी शिपायाला समोरच्या किराणा दुकानात पाठवून तागडी आणि एकाच मापाची वजनं मागवली. एका छोट्या पिशवीत नागली भरून तिचं तोंड बांधलं. एका पारड्यात पिशवी आणि दोन वजनं, दुसऱ्यात पाच वजनं. काटा मधोमध. तागडी त्यांनी दुकानदाराच्या पोराला शोभेल अशा सफाईने दोन बोटांवर धरली होती आणि ते तिच्यासमोर चक्क उकिडवे बसले.

"पिशवीत किती वजन आहे?"

"कसा सांगू? पिशवी बांधलेली हाय."

"मग तिला एकटी कर."

यमुनाने पिशवीजवळची दोन वजनं उचलली. पारडं धाडकन दुसरीकडे गेलं. ती घाबरली आणि सरांकडे बघू लागली. मीही त्यांच्याकडेच बघत होते, आता ओरडतील म्हणून. ते ओरडले नाहीत. तागडी धरून नुसते थांबले. शूटिंगवाल्याने कॅमेऱ्यामागून डोकं काढून पाहिलं, तरी ते थांबले. यमुनाने हळूच हात पुढे केला आणि दुसऱ्या पारड्यातलीही दोन वजनं काढली. काटा मधे आला.

"किती?"

"तीन."

"तू काही पलीकडे नेलंस का?"

"नाय. दोनी बाजूंनी काढला."

"बस, एवढंच आहे. पलीकडे नेलं असं लोक नुसतं म्हणतात. कुणी काही नेत नाही, दोन्ही बाजूंनी सारखं काढायचं." मग त्यांनी तिला फळ्याकडे पाठवलं. तिने समीकरण सोडवलं, पुढचंही सोडवलं, तिसरं सरांनी मुद्दाम उलटं घातलं तेही सोडवलं आणि तोंडावरचा हात काढून हसली. बाकांवरची साहेबांची मुलंही मान पुढे काढून बघत होती. त्यांनाही ते तोपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

इतकं चांगलं शिकवताना मी माझ्या नोकरीत दुसऱ्या कुणाला पाहिलं नाही. आणि त्या दिवसापासून मला त्या माणसाची किळस वाटू लागली. आजवर माझी समजूत होती की यांना शिकवता येत नाही. न येणारे शिक्षक पुष्कळ असतात, त्यांच्यावर चिडून तरी किती चिडायचं? पण यांना येत होतं. सगळं येत होतं. शेजारच्या वर्गात दहा-अकरा वर्षं ते शिकवता येत असूनही फळ्याकडे तोंड करून उभे होते.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत यमुना स्टाफरूमच्या दारात आली. बरोबर वसतिगृहातल्या आणखी चार-पाच जणी, एक जामसरचा मुलगा.

"सर, कंसवाली गणितां बी तशीच सांगा ना. कालच्यासारखी."

सर डब्यातली पोळी खात होते. "ते झालं आता. शूटिंग संपलं. वर्गात प्रकरण पुढं गेलंय, पुस्तकात बघ."

"पुस्तकात वाचलां, सर. नाय समजत."

"मग पाठ कर."

मुलं गेली. मी म्हणाले, "सर, अर्धा तास द्या तिला रोज. परीक्षा तोंडावर आलीय, पोरीचं आयुष्य आहे." त्यांनी माझ्याकडे खरोखरच्या आश्चर्याने पाहिलं. "बाई, तुम्हाला कल्पना आहे का, कालच्या त्या तासाला किती शक्ती लागते? इथल्या पगारात ती रोज परवडत नाही." मी आठवडाभर तिला माझ्या परीने कंस शिकवायचा प्रयत्न केला, पण मराठीच्या बाईचं गणित ते केवढं. वार्षिक परीक्षेत यमुनाने समीकरणाचे प्रश्न अचूक सोडवले. बाकीचं सगळं चुकलं.

सरांना नोकरी मिळाली आणि डिस्ट्रिक्टच्या अर्जावर व्हिसाही. शाळा उघडल्यावर जुलैत निरोपसमारंभ झाला. शाल, श्रीफळ, गावातली प्रतिष्ठित मंडळी. मुख्याध्यापकांच्या हौसेपायी सभागृहात टीव्ही लावून ती दुसरी कॅसेट दाखवली. काटा मधे आला तेव्हा पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. तहसीलदारसाहेब गहिवरले. "ही कन्या कुठं आहे? तिच्या हस्ते सरांना गुलाब द्या," ते म्हणाले.

कुणी उठलं नाही. मागे जमिनीवर बसलेल्या वसतिगृहातल्या मुलींतून एक आवाज आला, "ती नापास झाली, साहेब. नाव काढला तिचा. बाबाबरोबर भट्टीवर गेली."

घोलप सर शाल सावरत टीव्हीकडे बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला पहिल्यांदाच दुःख दिसलं. क्षणभर वाटलं, चला, कुठेतरी लागलं. ते शेजारच्या मुख्याध्यापकांकडे वळले. समोरचा माईक सुरू आहे हे त्यांच्या लक्षात नव्हतं.

"एवढं छान समजावलं होतं मी तिला," ते म्हणाले. "काही उपयोग नाही."

मग बँकेतल्या साहेबांच्या मुलीने गुलाब दिला आणि सगळे चहाला उठले. त्यानंतर सर पुन्हा जव्हारला आले नाहीत. तिकडे ते फार उत्तम शिकवतात, शेवटच्या बाकावरच्या पोरापाशी जाऊन बसतात, पालक त्यांचं नाव काढतात, असं मुख्याध्यापक कौतुकाने सांगत. मला त्यात तिळमात्र शंका नाही. तिकडून त्यांनी मला एक पत्र पाठवलं होतं, त्याला मी उत्तर दिलं नाही, ते याच कारणाने.