गाठोड्यांची जागा

ब्रह्मदेशानं हाकललेला तो माणूस कुंभिवलीत दिवसभर रस्त्यावर ट्रक धुवायचा आणि आमच्या देवळाच्या ओवरीत झोपायचा. कुणी आलं की अंग चोरून सरकायचा. "मग, कधी जाणार?" एवढीच त्याची चौकशी आम्ही रोज प्रेमानं करायचो.

एकाहत्तर साली बंगालच्या निर्वासितांसाठी गावानं जुने कपडे गोळा केले. भाषण करताना सरपंचांना रडू कोसळलं. डोळे पुसून ते त्याला म्हणाले, "गाठोडी ओवरीत ठेवायची हायत. तू दुसरीकडं बग रं."

"मलाबी गाठोड्यात बांदा की," तो म्हणाला.

काय हसलो आम्ही! तो त्याच दिवशी गेला.

गाठोडी मात्र कुठंच गेली नाहीत. वर्षानुवर्षं ओवरीतच राहिली. "कधी जाणार?" असं त्यांना कुणी विचारलं नाही.