दाराच्या विटा

आमच्या नव्या खोलीच्या विटांचा अंदाज मी काढला. नवऱ्याला म्हटलं, गवंड्याला कशाला विचारायचं, चौथी शिकलेय मी. चारी भिंती मोजल्या आणि विटा मागवल्या.

वारंगा फाट्याकडून विटांचा ट्रॅक्टर घेऊन आलेला तो माणूस मला पुन्हा कधी दिसला नाही. उतरवताना मध्येच दोन विटा एकमेकींवर वाजवायचा आणि पक्क्या भाजल्यात का ते कान देऊन ऐकायचा. ट्रॅक्टर रिकामा झाल्यावर त्यानं पायावर उभ्या केलेल्या चौकटीकडे पाहिलं, मग ढिगाकडे, आणि हळूच मला विचारलं, "वहिनी, दाराची जागा वजा केली न्हाई व्हय? आत कुठून जाणार?"

मी पदर तोंडाशी धरला. घरी कोणी आलं की मला धडकी भरते, तेच हिशेबात उतरलं असावं.

तेवढ्यात नवरा आला. "एवढ्या विटा काहून मागवल्या?"

"दारापुढं ओटा पायजे ना, दादा," तो माणूसच बोलला. "वहिनीनं बराबर धरल्यात."

ओटा झाला. आता दुपारी गल्लीतल्या साऱ्या बाया त्यावर बसतात आणि माझ्या अकलेचं कौतुक करतात. जे दार मी विसरले, त्याच्याच आड उभी राहून मी त्यांना चहा देते.