कंपनीच्या दारात पालखी

साताऱ्याहून निघताना शेजारणीने विचारलं, "नवी मुंबईत बघण्यासारखं काय आहे?" म्हटलं, "भाच्याची कंपनी तिथल्या गावाला आवडते की नाही, ते बघायला चाललेय." तिने माझ्याकडे काळजीने पाहिलं.

भाचा निखिल महाप्याच्या एका कंपनीत 'ग्रामसंवाद' बघतो. म्हणजे कंपनीचे ट्रक धुरळा उडवत गावच्या रस्त्याने जातात आणि ते गावाला मनापासून आवडावेत, ही जबाबदारी निखिलची. आता कंपनीला आणखी एक गोदाम बांधायचं होतं आणि गाव काही हो म्हणत नव्हतं. तेव्हा निखिलच्या साहेबांना एक कल्पना सुचली. गावदेवीची पालखी जत्रेत ज्या दारी टेकते, ते घर गावाचं मानलं जातं. म्हणून यंदा ती कंपनीच्या दारी टेकवायची. टेकली तर निखिलला बढती मिळणार होती. नाही टेकली, तर काय मिळेल ते विचारायचा त्याला धीर झाला नव्हता.

बसने मला सानपाड्याला हायवेच्या नको त्या बाजूला उतरवलं. हे शहर म्हणे आधी आखून मग बांधलं. पलीकडून हात हलवणाऱ्या भाच्यापर्यंत बॅगेसह कसं पोचायचं, तेवढं आखायचं राहिलं असावं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कंपनीपाशी पोचलो. फाटकावर झेंडूच्या माळा होत्या, आत गालिचा होता आणि देवीच्या स्वागताच्या कमानीवर देवीपेक्षा कंपनीचं नाव मोठं होतं. समोर रस्त्यापलीकडे कमलताईंची चहाची टपरी होती. बाई मूळच्या सोलापूरकडच्या. गोदामाच्या ट्रकना वळायला जागा हवी, म्हणून त्यांची टपरी महिनाअखेर उचलायची ठरली होती. तोवर कंपनीच्या लोकांनी तिथे चहा पिऊ नये, अशी सूचनाही निघाली होती.

मी कंपनीची माणूस नसल्यामुळे निवांत जाऊन बसले. चहाबरोबर त्यांनी त्यांच्या डब्यातली तांदळाची भाकरी आणि सुकटीची (वाळवलेल्या जवळ्याची) चटणी पुढे केली. गावातल्या एका सुनेने दिलेली. चटणीने डोळ्यांत पाणी आलं, तरी मी दुसऱ्यांदा घेतली.

"टपरी गेल्यावर काय करणार?" मी विचारलं.

"काय करायचं? रडू येतंय बघा कधीकधी," त्या म्हणाल्या. "पण पोरींचं काय हुईल, त्याचा घोर लागलाय."

पोरी म्हणजे गावातल्या, आसपासच्या कंपन्यांत कामाला जाणाऱ्या. संध्याकाळी सुटल्यावर रिक्षा मिळेपर्यंत त्या इथेच थांबतात. शेवटची पोरगी गेल्याशिवाय कमलताई स्टोव्ह विझवत नाहीत.

तेवढ्यात बँड वाजू लागला. पालखी आली. गुलालाने माखलेले भोई, सगळे अनवाणी. पुढे गावकीचे (गावातल्या कर्त्या माणसांच्या सभेचे) प्रमुख दामूनाना. साहेब हात जोडून उभे राहिले. पालखी फाटकात शिरणार, तोच सुरक्षारक्षकाने हात आडवा केला.

"पिवळ्या पट्ट्याच्या आत सेफ्टी शूज कंपल्सरी हाय."

निखिलने तयारी चोख ठेवली होती. नव्या कोऱ्या बुटांची टोपली पुढे आली. प्रत्येक बुटावर कंपनीचं नाव होतं.

"देवी खांद्याव असताना पायांत बूट?" दामूनाना शांतपणे म्हणाले. "आमचे बापानं नाय घातले, आमी पन नाय घालनार."

निखिल साहेबांच्या कानाशी लागला. साहेब म्हणाले, "नियम सगळ्यांना सारखे. नाहीतर ऑडिटला काय सांगायचं?"

नानांनी वाद घातला नाही. त्यांनी भोयांना नुसती खूण केली. पालखी वळली आणि रस्ता ओलांडून टपरीपुढे टेकली.

कमलताई गडबडून गेल्या. त्यांनी प्यायच्या पाण्याचा कॅन उचलून भोयांच्या पायांवर ओतला, मसाल्याच्या डब्यातली हळद देवीला वाहिली आणि नैवेद्य म्हणून बिस्किटांचा पुडा ठेवला. पदर डोळ्यांना लावला तो काही निघेना. मलाही भरून आलं.

"आता हे घर गावाचं," साहेबांना ऐकू जाईल एवढ्याच आवाजात नाना म्हणाले. "ते कोन उचलताय, आमी बगू."

फाटकात साहेब अजून हात जोडूनच उभे होते.

परतीची बस घाट चढत असताना निखिलचा फोन आला. टपरी राहणार होती. गोदामाचा नकाशा बदलणार होता. बढतीचा विषय त्याने काढला नाही, मीही विचारलं नाही. भाचा आहे, वाईट वाटलंच.

"मावशी, साहेब विचारतायत, त्या बाईंनी गावासाठी नेमका कोणता उपक्रम राबवला?"

"संध्याकाळी तिथे जाऊन बसा म्हणावं, दिसेल." पलीकडे कुजबुज ऐकू आली.

"सांगितलं. तर म्हणाले, तिथे बसायचं तर कुणाला विचारावं लागेल?"

इतकी वर्षं त्या गावात कंपनी चालवून साहेबांनी पहिल्यांदाच कुणाला तरी विचारायचं मनात आणलं होतं. मला फार बरं वाटलं.