पावलाबाईंच्या स्कीची धार

येझेर्स्कोच्या बर्फाळ उतारावर मी स्कीवाल्यांना वर ओढून नेणाऱ्या लिफ्टचा दांडा लोकांच्या हातात देतो. कोण कसं वर गेलं आणि कसं खाली आलं, हे मला आपसूकच कळतं. त्या जानेवारीत पावलाबाई खाली आल्या त्या कुशीवर, बर्फावरून घसरत. बीच नावाच्या झाडाला टेकून थांबल्या. गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. मी धावत गेलो, तर मला म्हणाल्या, "टोपी शोध आधी."

पावलाबाई अठ्ठ्याहत्तरीच्या. तरुणपणी खोऱ्यातल्या सगळ्या शर्यतींत उतरायच्या. नवरा जिवंत होता तोवर स्कीला धार तोच लावायचा. त्याच्यानंतर ते काम कुणाचंच नव्हतं, म्हणून जावयाने आपणहून अंगावर घेतलं होतं. जावई लोव्रो क्रान्य शहराला जाणाऱ्या बसवर ड्रायव्हर. गवत कापायच्या लांब विळ्याला ज्या दगडाने धार लावायची, त्याच दगडाने त्याने सासूच्या स्कीच्या पोलादी कडा घासल्या होत्या. मनापासून घासल्या होत्या, हेच वाईट झालं.

इस्पितळात पावलाबाईंनी एवढंच विचारलं, "कडा कशाने घासल्यात, जावईबापू?"

"दगडाने," लोव्रो म्हणाला.

"विळ्याच्या?"

लोव्रोने मान डोलावली. त्याची बायको नेझा खिडकीतून बाहेर बघत राहिली. बाहेर गाड्या उभ्या करायची जागा होती, बघण्यासारखं काही नव्हतं.

नंतर पंधरा-वीस दिवस घरात या विषयावर कुणी बोललं नाही. लोव्रोला जेवण जात नव्हतं. नेझाने मला सांगितलं की तो पहाटे उठून तळघरात जातो आणि त्या स्कीजवळ नुसता बसतो. शेवटी एका शनिवारी पावलाबाई हात गळ्यात अडकवून त्याच्याच बसमध्ये चढल्या, त्याच्या मागच्या सीटवर बसल्या आणि म्हणाल्या, "स्कीच्या दुकानात जायचंय. स्की मागे ठेवल्यात."

ड्यूटी संपल्यावर दोघं गेले. दुकानात एक जाडजूड बाई होती. तिने कडेवर अंगठ्याचं नख फिरवलं.

"नखाची पांढरी भुकटी पडायला हवी. इथं नखाला काही होतच नाही. हे कुणी केलं?"

"दगडाने झालं," पावलाबाई म्हणाल्या. लोव्रोने मान खाली घातली.

समोर धार लावायच्या ठोकळ्यांचा ढीग होता: काळे, गुलाबी, हिऱ्याची पूड बसवलेले, खरखरीत, गुळगुळीत. लोव्रो म्हणाला, "एकच द्या हो. सगळ्याला चालेल असा."

"नेझालाही असंच सांगून मागणी घातली होतीत वाटतं," पावलाबाई म्हणाल्या.

बाईने हसू दाबलं. "घरच्या कामाला सगळे नकोतच. पण एकाने भागायचं नाही. ही निळसर जागा बघा. खडकावर आपटून पोलाद इथं कडक झालंय, कानस लावली तर नुसती घसरेल. आधी हा गुलाबी दगड तेवढ्याच जागेवर. मग कानस. मग मधल्या दाण्याचा हा हिरा, ओला करून, हलक्या हाताने. जोर लावलात तर हिरा जाईल आणि कडही. आणि हे सगळं या धारकाच्या खाचेत धरून, म्हणजे कोन चुकणार नाही. हाताच्या अंदाजाने अजिबात नाही."

"आणि हा?" लोव्रोने एक मऊ ठोकळा उचलला.

"रबरी. शेवटी धारेवर उरलेली बारीक खरखरीत कोर काढायला, आणि टोकाकडची धार जरा मारायला, बोथट करायला."

"आधी धार लावायची आणि मग मारायची? खोडरबर आहे घरी," असं म्हणून लोव्रोने तो परत ठेवला. दुकानदारीण पावलाबाईंकडे बघत राहिली. पावलाबाई हातमोजे बघत होत्या.

लोव्रोने सासूच्या स्कीला हात लावायची हिंमत केली नाही. आधी स्वतःच्या घेतल्या. आठवडाभर तळघरातून खरखर ऐकू येत होती. मग रविवारी तो उतारावर आला. मी त्याला दांडा दिला, तर म्हणाला, "आज बघ."

मी बघितलं. स्कीची टोकं बर्फात अशी रुतायची की लोव्रोला उजवीकडे जायचं असलं तर स्की डावीकडे जायच्या. तो उताराच्या कडेला लावलेल्या नारिंगी जाळीत शिरला आणि तिथं लटकला. पावलाबाई लिफ्टच्या खोपटाशी रम घातलेला चहा पीत होत्या.

त्याला मोकळं करून आणलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "टोकाची धार मारायला हवी होती."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"लग्नाच्या आधीपासून."

"मग दुकानात बोलला का नाहीत, आई?"

"तुम्ही तिला विचारत होतात. मला कुठं विचारलंत?"

लोव्रोने थोडा वेळ जाळीचे धागे बाहीवरून काढले. मग म्हणाला, "बरं. आता विचारतो."

सोमवारी तो रबरी ठोकळा घेऊन आला. त्या संध्याकाळपासून पावलाबाई तळघरात स्टुलावर बसायच्या आणि तो त्यांच्या स्की घासायचा. नेझा खाली रिचेत, म्हणजे बार्लीची घट्ट आमटी, नेऊन द्यायची. ती सांगते, दोघं भांडायचे, पण कडांवरून. याआधी सासू-जावयात इतकं बोलणं कधी झालंच नव्हतं.

डॉक्टर म्हणाले होते, या वर्षी स्की नाही. मार्चअखेर सकाळी बर्फ काचेसारखा होता, तेव्हा पावलाबाई आल्या. मी दांडा दिला. लोव्रो खाली उभा होता. त्याचा चेहरा मेणासारखा झाला होता.

त्या वरून आल्या. बीचच्या झाडापाशी वळल्या, कड बर्फावर करकरली आणि धरून राहिली. खाली येऊन त्या लोव्रोच्या बुटांपाशी थांबल्या.

"कशा आहेत?" त्याने विचारलं.

"काय कशा?"

"कडा."

"अरे हो," पावलाबाई म्हणाल्या. "विसरलेच होते."

लोव्रो खोपटामागे गेला आणि बराच वेळ बुटाचा पट्टा आवळत राहिला. त्या दिवशी त्याने साधे रबरी गमबूट घातले होते, त्यांना पट्टा नसतो.

पुढच्या हिवाळ्यात पावलाबाईंचे गुडघे उतारावर आलेच नाहीत, असं त्या स्वतःच म्हणतात. आता त्या खोपटाशी बसतात. लोव्रो वळला की मोठ्याने सांगतात, चूक की बरोबर. बहुतेक वेळा चूकच असतं. तो हात वर करतो आणि परत माझ्याकडे दांडा मागायला येतो.