तळेभागाच्या तीन फुल्या

शेतकी पाहणीच्या कचेरीत बाईंचं खरं नाव फक्त हजेरीपटाला माहीत आहे. बाकी सगळे तोंडावर ‘बाई’ म्हणतात, पाठीमागे ‘फुलीबाई’, आणि पुस्तक छापायला उशीर झाला की छापखान्यातले लोक फोन ठेवल्यावर आणखी काही म्हणतात, ते लिहिण्यासारखं नाही.

नावाचं कारण साधं आहे. ही कचेरी दरवर्षी शेतकऱ्यांना विचारते की काय पेरलं, किती पिकलं, गोठ्यात काय, खुराड्यात काय. उत्तरांचे तक्ते होतात, तक्त्यांचं पुस्तक होतं, आणि ते मागेल त्याला फुकट मिळतं, न मागेल त्याला टपालाने जातं. कायद्याचं म्हणणं एवढंच की पुस्तकातून कुणा एकाचं उत्तर ओळखू येता कामा नये. म्हणून ज्या रकान्यामागे तीनपेक्षा कमी शेतकरी असतील तिथे आकड्याच्या जागी फुली पडते. दोन का चालत नाहीत, असं कचेरीत नव्याने आलेल्याने विचारलं की बाई सांगत, ‘‘दोघांनाही आपापला आकडा पाठ असतो. बेरजेतून आपला वजा केला की शेजाऱ्याचा हातात. वजाबाकी सगळ्यांना येते. गणितात नापास झालेल्यांना तर जास्तच.’’

एकतीस वर्षं बाई फुल्या मारत होत्या. घरी पुढच्या खोलीत नवऱ्याचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. गिऱ्हाइकांनी कचेरीतली काही खबर विचारली की ते भिंग डोळ्याला लावूनच म्हणत, ‘‘एवढ्या वर्षांच्या संसारात मला तिथलं एकच कळलंय. पंखा आवाज करतो. तेही एकदा झोपेत बोलली म्हणून.’’ सकाळी डब्यात काय आहे असं त्यांनी विचारलं तर उत्तर ठरलेलं होतं, ‘‘उघडल्यावर कळेल.’’

बाईंची आणखी एक पद्धत होती. कुठलाही तक्ता छापायला जाण्याआधी त्या आपली खुर्ची सोडून टेबलाच्या पलीकडे, भेटायला येणाऱ्यांच्या लाकडी खुर्चीवर बसत, आणि मघाशी स्वतःच बंद केलेला तक्ता फोडायचा प्रयत्न करत. ओळीची बेरीज, रकान्याची बेरीज, गेल्या वर्षीचं पुस्तक, सगळीकडून हात घालून बघत. तासाभरात एकही फुली उघडली नाही तरच सही. त्या वेळी कुणी त्यांना हाक मारत नसे. शिपाई दारातूनच लोकांना परत पाठवी, ‘‘नंतर या, बाई चोरीला बसल्यात.’’

त्या वर्षी माणसं कमी होती म्हणून तळेभागातली घरं बाईंनी स्वतः घेतली. तळ्याच्या काठी बदकवालीचं शेड. बदकवाली म्हणजे नवऱ्यामागे बारा वर्षं एकटीने बदकं सांभाळणारी, मोठ्या आवाजाची बाई. या भागात बदकं पाळणारी ती एकटीच. शहरातल्या दोन बेकऱ्या केकसाठी तिचीच अंडी घेत. फुलीबाईंनी फॉर्म काढला तशी ती आज जरा कमी आवाजात म्हणाली,

‘‘ताई, खरा आकडा सांगू की नेहमीचा?’’

‘‘नेहमीचा कुठला?’’

‘‘लोकांना सांगते तो.’’

‘‘खरा सांगा.’’

‘‘मग कुणाकुणाला कळेल?’’

‘‘मला आणि लोखंडी कपाटाला. कपाटाची किल्ली माझ्याकडे आहे आणि माझ्या तोंडाची किल्ली माझ्या नवऱ्यालाही सापडलेली नाही.’’

बदकवाली हसली, आणि तिने आकडा सांगितला. तो किती होता हे इथेही सांगितलेलं नाही. एवढं म्हणता येईल की हिवाळ्यात रोगाची साथ येऊन गेली होती आणि संध्याकाळी बदकं मोजून आत घ्यायला तिला आता पूर्वीइतका वेळ लागत नव्हता.

‘‘पिल्लं आणलीत,’’ ती म्हणाली. ‘‘सहा महिन्यांत अंड्यावर येतील. बेकरीवाल्यांना तेवढी कळ काढायला सांगितलीये, ते बरं म्हणालेत. पण त्या टर्कीशेठला कळलं ना किती उरलीत, तर उद्याच बेकरीत जाऊन बसेल. म्हणेल, ती बाई संपली, आता माझ्याकडून घ्या. बेकरी गेली की तळं गेलं. मग पिल्लं मोठी करून काय त्यांची लग्नं लावू?’’

टर्कीशेठ तळ्याच्या दुसऱ्या टोकाला राहत. अंड्यांचे घाऊक व्यापारी, आणि त्या भागातल्या टर्की पाळणाऱ्यांत पहिले आणि शेवटचे. चौकात त्यांची मोठी पाटी होती: ‘पाच हजार टर्की, एक विश्वास’. विश्वासाबद्दल पाहणीत प्रश्न नव्हता. टर्कींबद्दल होता, आणि त्याचं उत्तर त्यांनी फुलीबाईंना खालच्या आवाजात, दार लोटून घेऊन दिलं. तेही कपाटात गेलं.

महिनाभराने शेठ कचेरीत आले. लाकडी खुर्चीवर बसले, घाम पुसला, हवापाण्याच्या गप्पा झाल्या आणि मग म्हणाले, ‘‘बाई, त्या बदकवालीचं काही बरं चाललेलं दिसत नाही. किती उरलीत म्हणे?’’

‘‘आज उकाडा फार आहे,’’ बाई म्हणाल्या.

‘‘शेजारधर्म म्हणून विचारतोय हो.’’

‘‘शेजारी आहात तर कुंपणावरून विचारा.’’

शेठ हसत उठले. दारात वळून म्हणाले, ‘‘बरं, पुस्तक कधी येतंय तुमचं? वाचायचं होतं.’’

पुढच्या रविवारी नणंद आली. नणंद शेठच्या गोदामात हिशेबाला होती आणि एरवी महिन्यातून एकदा यायची, ती त्या महिन्यात तिसऱ्यांदा आली होती. चहा संपत आल्यावर म्हणाली, ‘‘वहिनी, मी काय आकडा विचारत नाही बाई. शंभरच्या वर की खाली, एवढंच.’’

‘‘साखर पुरे का चहात?’’

‘‘दादा, बघ ना ही!’’

घड्याळवाले भिंगामागून म्हणाले, ‘‘मला विचारू नकोस. आज जेवायला काय आहे तेही मला ठाऊक नाही.’’

नणंदेला वाटेला लावलं, पण बाईंच्या डोक्यातून एक गोष्ट जाईना. त्यांच्या पुस्तकाची एकतीस वर्षांत अनेकांनी अनेक कामं केली होती. दाराला अडसर म्हणून लावलं होतं, वजन म्हणून ठेवलं होतं. वाचायची ओढ लागलेला माणूस हा पहिलाच. पुस्तक छापखान्यात होतं, दोन दिवसांत शाई चढणार होती. सोमवारी सकाळी त्यांनी कच्ची प्रत काढली आणि पुन्हा लाकडी खुर्चीवर जाऊन बसल्या.

तळेभागाची ओळ समोर होती. कोंबड्यांचा आकडा छापलेला, कारण कोंबड्या घरोघरी. बदकांवर फुली, टर्कीवर फुली, शेवटी एकूण पक्ष्यांची बेरीज. बेरजेतून कोंबड्या वजा केल्या तर बदकं आणि टर्की मिळून किती ते कळतं, वेगवेगळी कळत नाहीत. पक्कं होतं. दर वर्षी असंच पक्कं असायचं. बाई उठणार, एवढ्यात त्यांच्या ध्यानात आलं की याच खुर्चीवर महिन्यापूर्वी शेठ बसले होते. त्या पुन्हा बसल्या, या वेळी शेठ होऊन. मांडीवर हात ठेवले, जरा मागे रेलल्या.

मग त्यांना घाम फुटला. शेठला टर्की पाठ होत्या! एका रकान्यातल्या दोघांचा नियम त्या जगाला शिकवत आल्या होत्या. शेजारशेजारच्या दोन रकान्यांत एकेकटे बसलेले दोघे म्हणजे तेच दोघे, हे मात्र त्यांना कधी दिसलं नव्हतं, कारण इतकी वर्षं त्या परक्या चोर होऊन बसत होत्या. घरातला चोर त्यांनी कधी केलाच नव्हता. शेठला एकच वजाबाकी करायची होती, ती ते पुस्तक हातात पडताच दुकानाच्या पायरीवर उभ्याउभ्या करणार होते.

छापखान्याला फोन गेला, ‘‘थांबवा.’’ पलीकडून जे आलं ते बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि साहेबांकडे गेल्या. साहेब नवे होते, धरणांच्या खात्यातून आलेले. पाणी अडवण्याचा त्यांना अनुभव होता, माहिती अडवण्याचा नव्हता.

‘‘कोंबड्यांवर फुली?’’ साहेब म्हणाले. ‘‘अहो, चारशे घरांत कोंबड्या आहेत. कोंबड्यांचं कसलं गुपित?’’

‘‘कोंबड्यांचं नाही साहेब. त्या पहाऱ्याला उभ्या केल्यात.’’

‘‘आणि डोंगरभागाच्या ओळीत तीन कशाला?’’

‘‘रकान्याच्या खालच्या बेरजेतून बाकीचे भाग वजा केले की मागच्या दाराने येता येतं. तेही लावून घेतलं.’’

‘‘चूक कुणाची म्हणायची ही?’’

‘‘माझी. एकतीस वर्षं जुनी आहे. दोन दिवस द्या.’’

साहेबांनी दोन दिवस दिले, कपाळाला आठ्या घालून. पुस्तक चार फुल्या जास्तीच्या घेऊन बाहेर पडलं.

चौथ्या दिवशी शेठचा अर्ज आला. अर्ज सुंदर होता. बदकांचं नावही त्यात नव्हतं. सामान्य शेतकऱ्याच्या हितासाठी आणि कारभार स्वच्छ राहावा म्हणून तळेभागातल्या कोंबड्यांचा आकडा जाहीर करावा, एवढीच नम्र विनंती. साहेबांना ती पटली. कोंबड्यांवरची फुली त्यांना पहिल्यापासूनच पटली नव्हती. त्यांनी शेठला बोलावलं, पेनाचं टोपण काढलं आणि मग रीत म्हणून बाईंना हाक मारली. त्या पेनाच्या टोकाशी बदकवालीचे सहा महिने लटकत होते, हे खोलीत दोघांनाच ठाऊक होतं, आणि त्यातला एक खुशीत होता.

‘‘बाई, यांची मागणी रास्त वाटते,’’ साहेब म्हणाले. ‘‘चारशे घरांचा आकडा आहे. द्यायला हरकत काय?’’

‘‘द्यायचं ठरलं तर देता येईल,’’ बाई म्हणाल्या. शेठच्या चेहऱ्यावर चांदणं पडलं. ‘‘फक्त त्याने काय काय उघडतं ते आधी दोघांनी पाहून घ्या.’’

त्यांनी पुस्तक उघडून टेबलावर ठेवलं आणि तळेभागाच्या ओळीवर पट्टी ठेवली.

‘‘एकूण पक्षी छापलेलेच आहेत. त्यातून कोंबड्या गेल्या की बदकं आणि टर्की यांची मिळून बेरीज राहते. बरोबर?’’

‘‘बरोबर,’’ शेठ म्हणाले. ही वाट त्यांच्या पायाखालची होती.

‘‘आता समजा एखाद्याला टर्की किती ते ठाऊक आहे. त्याला बदकं कळतील.’’

‘‘अस्सं?’’ शेठ म्हणाले. आश्चर्य त्यांनी बऱ्यापैकी वठवलं.

‘‘आणि समजा, एखादीला बदकं किती ते ठाऊक आहे.’’ बाईंनी पट्टी अगदी हलके सरळ केली. ‘‘तिला टर्की कळतील.’’

पंखा आवाज करत होता. नवऱ्याने गिऱ्हाइकांना सांगितलेली ती एकच बातमी खरी होती.

शेठचा हात पुस्तकाकडे निघाला होता, तो वाटेतच थांबला. या माणसाने आयुष्यात हजारो वजाबाक्या केल्या होत्या, पण सगळ्या आपल्या बाजूने. तीच पलीकडच्या बाजूनेही होते, हे त्यांना आत्ता दिसत होतं. तळ्याच्या त्या टोकाला, मोठ्या आवाजाच्या एका बाईच्या हातात कागद, कागदावर एक आकडा, आणि चौकात ती पाटी.

‘‘म्हणजे,’’ शेठ म्हणाले, ‘‘म्हणजे ते... कुणालाही कळेल?’’

‘‘कुणालाही नाही. बदकं ज्याला पाठ आहेत त्याला. पुढे ते किती जणांना सांगायचं, हे ज्याच्या त्याच्या आवाजावर.’’

‘‘टर्की कुणाच्या आहेत तिथे?’’ साहेबांनी भाबडेपणाने विचारलं.

‘‘ते मी सांगत नाही साहेब,’’ बाई म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघू लागल्या. खिडकीतून चौक दिसत होता आणि चौकातली पाटी वाचायला चष्मा लागत नव्हता. साहेबांनी पाटी वाचली, शेठकडे पाहिलं, पुन्हा पाटी वाचली, आणि धरणखात्यात इतकी वर्षं काढलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा दरवाजा बंद करण्यातला आनंद उमटला.

‘‘मग शेठ,’’ त्यांनी पेन पुढे केलं, ‘‘काढू फुली?’’

‘‘छे छे! राहू द्या,’’ शेठ म्हणाले. ‘‘कोंबड्यांचं काय एवढं घेऊन बसायचं. गरिबांची खाजगी बाब आहे ती.’’ अर्ज मागे घेत असल्याचं त्यांनी तिथेच लिहून दिलं. दाराशी थांबून हळूच विचारलं, ‘‘पुढच्या वर्षीही असतील ना या तिन्ही फुल्या?’’

‘‘जोवर खरं सांगाल तोवर,’’ बाई म्हणाल्या.

शेठ गेल्यावर साहेबांनी त्या दिवसाचा दुसरा चहा स्वतःच्या कपाबरोबर बाईंसाठीही मागवला, आणि तो बाईंच्या टेबलापलीकडच्या लाकडी खुर्चीवर बसून प्यायले. ‘‘इथून खरंच वेगळं दिसतं हो,’’ ते म्हणाले.

बेकऱ्यांनी कळ काढली, पिल्लं मोठी झाली. सातव्या महिन्यात एका सकाळी कचेरीच्या जिन्यावर ओळखीचा आवाज घुमला. बदकवाली वर येत होती आणि पहिल्या मजल्यापासूनच सांगत होती, ‘‘ताई, ऐकलंत का, आता किती झालीत माहितीये...’’

फुलीबाई टेबलामागून धावत आल्या आणि तिला आत ओढून त्यांनी दार लावलं. ‘‘हळू! भिंतीला कान आहेत इथे.’’

‘‘असू देत की! आता कान असलेल्यांनाच सांगायचंय मला.’’

आणि तिने सांगितलंच. पुढच्या आठवड्यात चौकात नवी पाटी लागली: ‘तळ्याची बदकं – अकराशे चाळीस – मोजून घ्या’. पाटी जाहीर आहे, म्हणून आकडा इथे द्यायला हरकत नाही. समोरची जुनी पाटी त्याच सुमारास रंगवून निघाली. तिच्यावर आता नुसता विश्वास उरला आहे.

पुढच्या वर्षीच्या तक्त्यावर सही करताना साहेबांनी तळेभागाच्या ओळीवर बोट ठेवलं. ‘‘बाई, बदकांचा आकडा तर आता भर चौकात टांगलाय. इथे अजून फुली?’’

‘‘तिने सांगितलंय, साहेब. आपण कुठे सांगितलंय?’’

साहेबांनी सही केली. घरी घड्याळवाल्यांनी चौकातली बातमी मोठ्या उत्साहाने बायकोच्या कानावर घातली. अकराशे चाळीस! चक्क! बाई म्हणाल्या, ‘‘हो का?’’ आणि डब्याचं झाकण लावून टाकलं.