काचेच्या खोलीतलं बोलणं

गिरणीत हयात घालवलेल्या माणसाला किस्से सांगा म्हटलं की त्याची पंचाईत होते. किस्से नसतात म्हणून नव्हे, आधी कोणता काढावा ते कळत नाही म्हणून! कापसाचे बारीक तंतू अंगावर बसतात ना, तसे ते बसलेले असतात. घरी येऊन तोंड धुतलं तरी बायको म्हणायची, "थांबा, कानामागं अजून हाय." तसंच हे. एक झटकला की दुसरा दिसतो. आता मी सावकाश सांगणारा माणूस आहे, तुम्हीही जरा टेकून बसा.

सत्तर सालाच्या पुढची गोष्ट. नागपुरात आमची गिरणी, आणि गिरणीत आमचं लूम खातं, म्हणजे कापड विणायचं. एवढे माग एकदम चालत, की शेजारच्याला ओरडून हाक मारली तरी ऐकू जायचं नाही. म्हणून तिथं कोणी ओरडतच नसे. सगळे ओठांनी बोलायचे. आवाज काढायचा नाही, तोंड नीट उघडायचं आणि सावकाश बोलायचं. नवा माणूस थोड्या दिवसांत शिकायचा. मग तो खात्याच्या या टोकाहून त्या टोकाच्या माणसाकडे जावयाची तक्रार करायचा. मधल्या सगळ्यांना ती कळायची, आणि मधले सल्लेही द्यायचे!

*

माझ्या शेजारच्या मागावर किसन होता. त्याची बायको सुमन आमच्याच गिरणीत, सूत गुंडाळायच्या खात्यात. दोघांचीही ओठांची भाषा पक्की. घर एका खोलीचं, भिंती पातळ. त्यामुळे त्यांचं भांडण व्हायचं ते बिनआवाजाचं.

शेजारणीला वाटायचं, काय गोडीनं राहतात! एकदा ती माझ्या बायकोसमोरच सुमनला म्हणाली, "नशीबवान आहेस वं. तुझा माणूस कधी आवाज चढवत नाही."

सुमन म्हणाली, "आवाज कायचा चढवते बाई. काल मी पोळ्या करून राहिली होती, अन् हा न बोलता शिव्या देऊन राहिला होता. मी भिंतीकडं तोंड केलं, का आता काही ऐकू येणार नाही म्हणून."

"मग?"

"मग काय, चुलीच्या पलीकडं, माझ्या तोंडासमोर येऊन बसला ना."

*

खात्याच्या एका अंगाला मास्तरची काचेची खोली होती. मास्तर म्हणजे शाळेतला नव्हे, आमच्या खात्याचा साहेब. त्याला बसल्या जागेवरून आम्ही दिसावे म्हणून काच लावलेली. पण काचेतून इकडूनही दिसतं, हे बांधणाऱ्याच्या काही ध्यानात आलं नव्हतं!

दार लावलं की आत आवाज कमी. साहेब लोक मोकळे बोलायचे. आणि आम्ही बाहेर माग चालवता चालवता सगळं वाचायचो. कोणावर दंड बसणार, कोणाच्या साडूला नोकरीला चिकटवायचं, सगळं! फक्त ते इंग्रजीत गेले की आमचे डोळे बहिरे व्हायचे.

अशात सबनीस मास्तर नवे आले. वय तिशीच्या आत-बाहेर, पुण्याकडचे, कामगारांच्या मनाचा काही कोर्स करून आलेले. पहिल्याच दिवशी गिरणीचे मॅनेजर त्यांना घेऊन काचेच्या खोलीत बसले. मॅनेजर उत्तरेकडचे, त्यांना सगळे बडे साहेब म्हणत. बडे साहेब आमच्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ये पुरानी लाइन देख रहे हो? कपड़ा कम, दाग ज़्यादा. दशहरे तक सुधरी तो ठीक. नहीं तो मशीन कबाड़ में और आदमी गेट के बाहर."

जुनी लाइन म्हणजे आमच्या खात्यातले सगळे जुने माग, म्हणजे आम्हीच. मी, किसन, आणखी पुष्कळ जण, आणि आमचे मुकादम भीमरावदादा. कोणाचाही माग अडला की दादा पाना घेऊन हजर. माझ्या घरचा हातमाग बंद पडला तेव्हा या लाइनीनं मला धरलं होतं. ती गेली तर पुन्हा रोज सकाळी गेटवर बदलीसाठी उभं राहायचं. कोणी गैरहजर असला तर काम, नाही तर डबा तसाच घेऊन परत.

मास्तर खोलीतून बाहेर आले, हसून सगळ्यांना नमस्कार केला आणि दादांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, "काही काळजी करू नका, सगळं छान आहे!"

दादांनी मान हलवली. मास्तरची पाठ फिरल्यावर ओठांनी आम्हाला म्हणाले, "पोरगा चांगला हाय गा. खोटं बोलता येत नाही त्याले."

*

मास्तरच्या कोर्सात शिकवलं होतं, की कामगाराच्या पाठीवर शाबासकीचा हात ठेवावा, त्यानं त्याला हुरूप येतो. खरंच आहे ते. पण आमच्या खात्यात हाक ऐकू जात नाही. म्हणून कोणाच्या घरचा निरोप आला की मागून येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा, अशी रीत होती. आणि बारशाचा निरोप काही कोणी गिरणीत धाडत नाही.

एके दिवशी मास्तर शाबासकी द्यायला निघाले. पहिला हात किसनच्या खांद्यावर. किसननं माग बंद केला आणि चपला शोधायला लागला. मास्तरना वाटलं, भारावला. पुढच्यानं माग बंद करून टोपी काढली. त्याच्या पुढचा तर खालीच बसला. मास्तर हसत हसत पुढे चालले आहेत, आणि मागे एकेक माग बंद पडतो आहे!

लाइनीच्या टोकाला पोचले तेव्हा त्यांना खात्यात पहिल्यांदाच स्वतःच्या बुटांचा आवाज ऐकू आला. वळून पाहतात तर सगळी लाइन हात बांधून उभी. किसन पुढे आला आणि हळूच म्हणाला, "साहेब, सांगून टाका. कोन गेलं?"

*

दुसरा माणूस असता तर कोर्स गुंडाळून ठेवला असता. यांनी नवीन काढलं. ज्याच्या कापडाला महिनाभर कमीत कमी डाग, त्याला इनाम म्हणून खुर्ची! आम्ही दिवसभर उभे असायचो. माग सुरळीत चालू असेल तेव्हा शेजारी घटकाभर टेकावं, हा त्यांचा विचार. खुर्ची त्यांनी स्वतःच्याच खोलीतली काढून दिली.

पहिली खुर्ची किसनला मिळाली. तो दिवसभर तिच्यावर बसला नाही. सुटायचा भोंगा झाला, तशी त्यानं ती उचलून डोक्यावर घेतली आणि चालायला लागला. गेटवर पहारेकऱ्यानं अडवलं.

"कुर्सी कहाँ ले जा रहा है बे?"

"इनाम हाय माझं. घरी नेऊन राहिलो."

"कंपनी का माल है, रख नीचे."

गर्दी जमली. मास्तर धावत आले. त्यांना पाहून किसनचा चेहरा पडला. म्हणाला, "काहून साहेब, इनाम इथंच ठेवा लागते का? मी तं बाबाले सांगून आलो, आज तुमाले खुर्चीवर बसवतो म्हणून."

मास्तरनी पहारेकऱ्याची वही पुढे ओढली. मग पहारेकऱ्याला म्हणाले, "माझ्या नावावर लिहा, जाऊ द्या त्यांना." आणि किसनला म्हणाले, "अहो पण हातात धरून न्या ना, मान दुखेल."

किसन म्हणाला, "हातात धरली तं वस्तीले कशी दिसंन, साहेब?"

पुढच्या महिन्यात काय सांगू तुम्हाला! जो तो आपल्या मागाला नवरीसारखं जपायला लागला. सुताचा धागा तुटायच्या आधीच माणूस तिथं उभा! किसनच्या बापाला खुर्चीवर बसलेलं सगळ्यांनी जाऊन पाहिलं होतं ना. अशा एकेक खुर्च्या घरोघर गेल्या. शेवटी बडे साहेब पाहणीला आले तेव्हा काचेच्या खोलीत एकच खुर्ची उरली होती. ते बसले आणि मास्तर उभे राहिले.

*

डाग कमी झाले होते, पण कापड अजून बड्या साहेबांना हवं तेवढं निघत नव्हतं. दसरा जवळ आला होता. त्या पाहणीच्या वेळी भीमरावदादा काचेसमोरच एका मागाखाली वाकले होते. दादांचं वय झालेलं, जवळचं दिसत नसे, बोल्ट हातानं चाचपून शोधायचे.

बडे साहेब म्हणाले, "पहले इस बुड्ढे को हटाओ. लाइन अपने आप दौड़ेगी."

मास्तर म्हणाले, "लाइन मेरी है, साहब. हटाना है तो पहले मुझे हटाइए."

"सोच के बोल रहे हो?"

"जी, सोच के."

आम्ही सगळ्यांनी वाचलं. दादा तेवढ्यातच मागाखालून वर आले होते, त्यांनीही वाचलं. पाना घेऊन ते पुन्हा मागाखाली वाकले.

 एरवी किसन बिडी ओढायला गेला की अर्धा तास यायचा नाही, त्या दिवशी तो जेवणाच्या सुट्टीतूनही सगळ्यांच्या आधी परत आला. एकाचा धागा तुटला तर शेजारचा आपला माग सांभाळून तो जोडून द्यायचा. दादा बोल्ट शोधायला लागले की कोणी तरी त्यांचा हात धरून बरोबर जागेवर ठेवायचा. दिवसच्या दिवस असं चाललं. कापडाचे तागे असे भराभर उतरायला लागले की न्यायला गाडी कमी पडायची!

मास्तर चक्रावले. दादांच्या कानात ओरडले, "दादा, हे झालं तरी काय?"

दादा त्यांच्या कानाशी ओरडले, "काही नाही साहेब. सूत चांगलं येऊन राहिलं सध्या."

सूत तेच होतं. उलट जरा हलकंच.

*

आणि मग खंडेनवमी आली, दसऱ्याचा आदला दिवस. मागांना झेंडूच्या माळा घातल्या होत्या, दादांनी पान्याला हळदकुंकू लावलं होतं. बडे साहेब निकाल सांगायला आले. काचेच्या खोलीचं दार लागलं. आमचे हात मागावर, डोळे काचेवर.

आणि त्या दिवशी नेमके बडे साहेब सुरुवातीपासून इंग्रजीत बोलायला लागले!

लाइनभर ओठ हलायला लागले. काय म्हणतो? काय म्हणतो? कोणालाच काही समजेना. मी किसनला विचारलं, "तू तं टॉकीजमधी इंग्रजी पिक्चर पाहतो ना बे. सांग, काय म्हणून राहिले?"

किसन डोळे बारीक करून म्हणाला, "'नो' म्हणाले."

मी विचारलं, "अजून?"

"'यस'बी म्हणाले."

"अबे, दोन्ही कसं म्हणतीन?"

"मले काय माहीत. मी तं मारामारीचे पिक्चर पाहतो."

दादांनी सगळ्यांना ओठांनी दटावलं, "हात चालवा. तिकडं पाहू नका." आणि स्वतः तिकडेच पाहत राहिले.

बडे साहेब बराच वेळ बोलत होते. मास्तर उभे, चेहऱ्यावरची माशी हलत नाही. त्यावरून काही काढावं तर काही निघत नव्हतं. माझा माग चालू होता, पण त्यावर काय विणलं जातं आहे ते मला ठाऊक नव्हतं. डोळ्यांसमोर गेटवरची गर्दी दिसत होती, आणि हातात तसाच परत नेलेला डबा.

तेवढ्यात चहा आला. बड्या साहेबांना चहा बशीत ओतून प्यायची सवय. ते मान खाली घालून ओतायला लागले.

मास्तर काचेकडे वळले. या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्या लाइनीवरून त्यांनी एकदा नजर फिरवली. आणि आम्ही नव्या माणसाला शिकवायचो ना, अगदी तसं, तोंड नीट उघडून, सावकाश बोलले. बड्या साहेबांनी मान वर केली नाही, म्हणजे आवाज नव्हताच.

"लाइन राहिली. हासू नका गा, साहेब पाहतीन."