मुराळ्याची लाल गाडी

आमच्या भिंगारच्या गल्लीत दानीएलइतका हुशार फिटर नव्हता आणि त्याच्याइतका उतावळाही नव्हता. मिलिटरीच्या वर्कशॉपात जीपच्या बॉनेटखाली त्याचा जन्म गेला. घरी जेवता जेवता उठायचा आणि अंगणातल्या लाल विलायती गाडीत डोकं घालायचा. बदली झालेल्या एका साहेबाने ती मोडीत काढली होती. उघडी, बसकी, दोनच माणसांची. पळते मात्र वाऱ्यासारखी, असं दानीएल सांगायचा. आम्ही पाहिली ती उभीच.

लेकीच्या, फिलोमिनाच्या लग्नात त्याने पाथर्डीच्या व्याह्यांसमोर बढाई मारली, "पहिल्या बाळंतपनाला पोरीला ह्याच गाडीतनं नेईन." बोलून बसला. बहात्तरच्या उन्हाळ्यात तिला सातवा लागला आणि सासरहून निरोप आला, मुराळी पाठवा. माहेरचं माणूस न्यायला आल्याशिवाय लेक निघत नाही; ख्रिस्ती असो की हिंदू, आमच्याकडे रीत एकच.

दानीएलने गाडीची ठिणगी जोरकस करायला घेतली. ठिणगीला जोर देणारी जुनी कॉइल काढून जीपची नवी बसवली. प्लग बदलले, पॉइंट घासले, त्यांच्यातली फट पुन्हा पुन्हा मापली. अंगणात गाडी एका दमात सुरू व्हायची. पण करंजीच्या घाटात चढ लागला की खोकायची, आचके द्यायची, आणि हा परत फिरायचा. रविवारची चर्चमधली मिस्सा आटोपून निघायचं आणि दुपारी तोंड पाडून यायचं, हे चालूच राहिलं.

"अहो, एसटीनं जा की," त्याची बायको रोझी म्हणायची. "आन् अवघडलेल्या पोरीला त्या खडखड्यात कशाला बसवता?"

"शब्द दिलाय मी. असाच जाऊ व्हय?"

मला त्याचा रागच यायचा. नाचता येईना अंगण वाकडं, तसं तो कधी प्लगला नावं ठेवायचा, कधी पेट्रोलला, कधी घाटाला. रात्री झोप नाही, दिवसा कुणाशी धड बोलणं नाही. तिकडे पोरीचे दिवस भरत आले होते, आणि इकडे याचं घासणं संपत नव्हतं.

एका संध्याकाळी मी डोकावलो, तर स्वारी मला गाडी समजावून सांगू लागली. "हिचं समदं उलटं हाय. आपल्या जीपला बॅटरीचा मायनस बॉडीला असतो, हिला प्लस. म्हनून हिच्यात काय बी जोडायचं तर..." त्याचं बोट कॉइलवर आलं आणि तिथंच थांबलं. कॉइल त्याने जीपसारखीच जोडली होती. डोक्याला ठाऊक होतं, पण हात सवयीने चालले. ठिणगी पडत होती, पण उलटी, म्हणून अशक्त. सपाटीवर भागायचं, चढावर नाही. दोन तारांची अदलाबदल, एवढंच काम. दानीएलने कपाळावर हात मारून घेतला.

दुसऱ्या दिवशी गाडी घाट एका दमात चढली. समोरून आमच्या नगरकडे जाणारी एसटी आली, तिला त्याने जोरात हॉर्न मारून वाट काढली. पाथर्डीला पोचला तर विहीण रतनबाई दारातच उभी.

"फिलू गेली की सकाळच्या एसटीनं. आमचा शांतवनच गेलाय बायकोला पोचवायला. मुराळी येतो, मुराळी येतो, किती वाट बघायची? आमालाच लाज वाटाया लागली लोकांची."

तो पाणीही न पिता तसाच मागे फिरला. अंगणात गाडी थांबली तेव्हा मी आणि जावई शांतवन ओट्यावर बसलो होतो. फिलोमिना उंबऱ्याशी टेकून होती, पाय सुजलेले.

"चढली का घाट?" तिने विचारलं.

"चढली. आजच चढली बघ."

"चांगलं झालं." तिने पदराने घाम पुसला. "दर रविवारी बोचकं बांधून दारात बसायचे मी. एसटी आली की उठून बघायचे."

"एसटीकडं कशाला बघायचीस? मी तर गाडीनं येनार हुतो."

"गाडीचं मला काय, बाबा," ती म्हणाली. "मला वाटायचं, तुमी उतराल."